काऊन सिस्टर

आमच्या डॉक्टर सिस्टरांना कोणी मुकाट्याने ऐकलेलं चालत नसे. "हो सिस्टर" म्हणून पेशंट उठला की त्या त्याला पुन्हा स्टुलावर बसवत. "काऊन हो? मी सांगतली म्हणून हो, का समजली म्हणून हो?" कोणी "नाई" म्हटलं तरी सुटका नव्हती. "काऊन नाई?" केरळातून आलेल्या या नन बाईंना तो-ती-ते कधी जमलं नाही, पण इथल्या बोलीतला पहिला शब्द त्यांनी उचलला तो हा. इथे नुसतं 'का' म्हणजे काय, आणि 'काऊन' म्हणजे का. मग त्यांनी तो इतका वापरला की पहिल्याच धान कापणीपर्यंत आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव काऊन सिस्टर पडलं. त्यांना ते माहीत होतं. आवडतही होतं.

मी त्या दवाखान्यात ऑफिस आणि स्टोअर बघत होते, अजूनही बघते. मूल गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला जंगल, असा मिशनचा छोटा दवाखाना आहे. मी हिंदू. घरी गणपती बसवते, मंगळवार करते. मिशनमध्ये नोकरी म्हणजे नोकरी, त्यांच्या धर्मात डोकं घालायचं नाही, असा माझा सरळ हिशेब होता. तो सिस्टरांनी मोडला.

झालं असं की त्यांनी आल्या आल्या भिंतीवरच्या नियमांच्या पाटीसमोर मला उभं केलं. पाटी मीच रंगवून घेतली होती. एकेका नियमावर बोट ठेवून त्या "हा काऊन?" विचारत गेल्या. "नातेवाइकांनी दुपारी चारनंतरच भेटावे." काऊन? मला सांगता येईना. आधीच्या सिस्टरांच्या काळापासून होतं, एवढंच. सिस्टर म्हणाल्या, "ज्या नियमाचं कारण कोणालेच माहीत नाई, थो नियम मेला. पुरून टाका." मला राग आला. मी म्हटलं, "मंग तुमच्या धर्मातले नियम? त्यायचे कारण माहीत आहेत का तुम्हाले?"

त्यांनी खुर्ची ओढली. म्हणाल्या, "विचारा."

तिथून आमची भांडणं सुरू झाली आणि ती पाच-सहा वर्षं चालली. त्यांची एक अट असे. त्यांच्याशी भांडायचं तर आधी त्यांची बाजू मांडून दाखवायची, आणि इतकी चांगली मांडायची की त्यांनी मान डोलवली पाहिजे. मग आपलं म्हणणं सांगायचं. उलट बाजूनेही तेच. माझं म्हणणं त्या आधी स्वतःच्या तोंडाने सांगत आणि विचारत, "असंच ना?" माझ्यासारख्या, काम उरकून पुढच्या कामाला लागणाऱ्या बाईला हा प्रकार छळ वाटायचा. अर्धं भांडण तर समोरच्याचं बोलणं पाठ करण्यातच जायचं. आणि नेमकं काय होई, ते पाठ करता करता आपला जोर कमी होई. मग त्याचाच राग येई.

दरवेळी त्याच जिंकत असं नाही. एकदा त्यांच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत आमच्याकडे तलावावरचा एक म्हातारा मासेवाला पायाचं गळू दाखवायला आला. शुक्रवार होता. त्याने विचारलं, "बाई, आज म्हणे तुमचा उपास? का खाता मंग?" सिस्टर म्हणाल्या, मटण-कोंबडी नाही, मासा चालतो. म्हातारा पोट धरून हसला. "मासा का झाडाले लागते का जी?" सिस्टरांनी त्याला समजावलं. जुन्या काळी मटण म्हणजे सणाचं, श्रीमंतांचं खाणं. मासा गरिबाचा. म्हणून सणाचं सोडायचं आणि गरिबाचं खायचं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग पाय पुढे करत म्हणाला, "थे समजलं. पण बाई, तुमच्या केरळात तं लोकं माशाबिगर जेवत नाई म्हणते. तुम्हाले मटण सोडाले का जाते?"

सिस्टर गळू कापता कापता थांबल्या. "खरी आहे," म्हणाल्या. "मटण मले आवडतच नाई." त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत त्यांनी माशाला हात लावला नाही. पुढच्या प्रत्येक वर्षी हेच. कॉन्व्हेंटच्या, म्हणजे त्यांच्या मठातल्या, बाकीच्या दोघी सिस्टर कढीपत्ता घालून मासे करत आणि या वरण-भात खात बसत, चेहरा पाडून. "म्हाताऱ्यानं मारली मले," म्हणायच्या.

बायकांना फादर का होता येत नाही, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की येशूने बारा जण निवडले ते पुरुष होते, आणि चर्च म्हणतं की ते बदलायचा अधिकारच आमच्याकडे नाही. आम्ही राखणदार आहोत, मालक नाही. मी ते नीट म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलवली. मग मी म्हटलं, "आणि तुम्हाले पटते?" त्या स्टेथोस्कोपची नळी गुंडाळू लागल्या. "राखणदाराचं समजते. पण कधी कधी वाटते, राखणदारानं मालकाले एकडाव विचारून तं पाहावं. मी रोज भांडतो." त्या स्वतःबद्दल बोलतानाही "भांडतो, खातो" असंच म्हणत. कोणाशी भांडता विचारलं तर वर बोट दाखवलं. "लग्न त्याच्यासंगं झाली ना. मंग भांडण दुसऱ्यासंगं काऊन करायची?"

गर्भनिरोधनाच्या बाबतीत मात्र मी त्यांना पहिल्यांदा खजील झालेलं पाहिलं. आमच्या दवाखान्यात ती साधनं मिळत नसत, ऑपरेशनही होत नसे. शेजारच्या गावची आशाताई बायकांना सरकारी दवाखान्यात नेई. ती एकदा तणतणत आली. "सिस्टर, तुमच्या देवाचं बिघडते का त्यात?" सिस्टरांनी तिला बसवून सांगितलं. नवरा-बायकोच्या जवळ येण्याला दोन अर्थ आहेत, एक प्रेमाचा, एक जीवाचा. चर्च म्हणतं, माणसाने ते दोन आपल्या हाताने तोडू नयेत, कारण एकदा तोडले की बाई ही वापरायची वस्तू होऊ शकते. आशाताईने डोळे बारीक करून ऐकलं. अटीप्रमाणे म्हणूनही दाखवलं, हुशार बाई होती. मग विचारलं, "नवरा दारू पिऊन येते, तव्हा थे दोन अर्थ कुठी असते जी?"

सिस्टर म्हणाल्या, "पुस्तकात याची उत्तर आहे. पण तुझ्यासमोर थे वाचाची मले लाज वाटते."

तरी साधनं दवाखान्यात आली नाहीत. नियम तिथेच राहिला आणि सिस्टरही तिथेच राहिल्या. हे मला कधी उलगडलं नाही. चुकतंय असं वाटलं की मी बदलते, नाही तर सोडून देते. लाज वाटत असताना त्याच जागी उभं राहायचं, ही कसली तऱ्हा?

आता सोनालीचं सांगते. तिच्यावाचून सिस्टरांचं चित्र पुरं होत नाही, आणि मला सगळ्यात अवघड जाणारंही तेच आहे.

सोनाली माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. सिंदेवाहीकडे दिली. लग्नाआधी माझ्या बहिणीने मुलाच्या सिकलसेलच्या तपासणीचा विषय काढला होता. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घराघरात आहे. दोघंही वाहक असले की चारात एक मूल आजारी निघण्याची भीती. मुलाकडचे उखडले. "आमच्या खानदानात असलं काई नाई. पोट्टी देता का डॉक्टरकी करता?" पत्रिका जुळली होती, हॉल ठरला होता. विषय मिटवला गेला. पहिली मुलगी झाली, परी. वर्षाच्या आत तिचे हातपाय सुजायला लागले. दोघंही वाहक निघाले. परीला पुरा आजार.

सिस्टर आल्या तेव्हा परी तीन वर्षांची होती. कळ उठली की ती पोर धनुष्यासारखी ताणली जायची. सिस्टरांनी तिला हातात घेतलं. औषध नियमित केलं, पाणी किती प्यायचं, थंडीत काय घालायचं, सगळं सोनालीला "काऊन"सकट शिकवलं. परी त्यांच्या खोलीत हक्काने जायची, त्यांच्या खुर्चीत बसून "काऊन? काऊन?" करत खोटं खोटं पेशंट तपासायची. याच काळात लग्नसराईच्या आधी आम्ही गावोगाव फिरायचो. सिस्टर मुलामुलींच्या आईबापांना सांगत, पत्रिकेआधी रक्त पाहा. किती जणांनी हाकललं! पण किती तरी लग्नं वेळेवर सावरलीही.

परी सहा वर्षांची असताना सोनालीला पुन्हा दिवस गेले. ठरवून नव्हे.

नागपूरला पोटातल्या बाळाची तपासणी होते. तिसऱ्या महिन्यात करावी लागते, म्हणजे वेळ थोडा. बाळाला पुरा आजार निघाला तर पुढचं आईने ठरवायचं, कायदा परवानगी देतो. सिस्टरांच्या ओळखीचे डॉक्टर तिथे होते. सिस्टरांनी चिठ्ठी दिली असती तर रांग, फेऱ्या, सगळं वाचलं असतं. मी कामांची यादी केली. पहिलं काम, सिस्टरांची चिठ्ठी. सोनालीला घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि सरळ मागितली.

"निदान झाल्यावर का करणार?" त्यांनी सोनालीला विचारलं.

"आजारी असन तं ठेवाचं नाई, सिस्टर."

"मंग मी चिठ्ठी देऊ शकत नाई."

मी उसळले. त्यांनी हात वर केला, मला थांबवायला. सोनालीलाच म्हणाल्या, "तपासणी उपचारासाठी असती तं मी स्वतः तुले नागपूरले नेली असती. इथी उपचार नाई. इथी निवड आहे. आजार मारायची का आजारी मारायची, एवढाच फरक आहे, पण माझ्यासाठी थोच सगळा आहे." मग त्या जरा अडखळल्या, खिडकीबाहेर बांध्यांकडे पाहिलं. "तुमच्याकडे रानडुकरासाठी शेतात करंट सोडते. अंधारात डुक्कर येईन का माणूस, माहीत नसते. माहीत नाई म्हणून तार सोडायची नाई, बरोबर? तुझ्या पोटात आता का आहे, माणूस का अजून नाई, थे मले नक्की सांगता येत नाई. येत नाई म्हणून मी तार सोडत नाई."

सोनाली मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, संपलं. पण ती बोलली.

"समजलं सिस्टर. तुम्ही म्हणता, शंका आहे तं हात लावू नका. पण माझ्या शेतात डुक्कर रोजच येऊन राह्यले. राखणीले तुम्ही येता का?"

सिस्टरांनी मान डोलवली. आपली बाजू तिने नीट मांडली, याची ती पावती होती. आणि मग, आमच्या त्या छळवादी नियमाप्रमाणे, त्या सोनालीची बाजू सांगू लागल्या.

"तुले लेकरू नको आहे, असं नाई. परीले कळ येते तव्हा तू तिच्या तोंडात पदर देते, सासू उठू नये म्हणून. मंग तुलेच वाटते, आपण तिचा श्वास कोंडून राह्यलो. दुसरं आलं आणि दोघांले एकाच टायमाले कळ आली, तं मांडी एकच आहे. कोणाले घेशीन? आणि जिले खाली ठेवशीन थे परी असन, कारण थे मोठी आहे. तू हे परीसाठी करून राह्यली. आणि परीकडे पाहून तुले वाटते, तव्हा ही तपासणी केली असती तं..."

तिथे त्या थांबल्या. वाक्य पुरं केलं नाही. ते वाक्य त्या सोनालीच्या अंगावर फेकतील, याची मी पहिल्यापासून वाट पाहत होते. परी असताना हे कसं बोलवतं, असं त्या विचारतील आणि सोनाली मोडेल. त्यांनी ते हत्यार उचललं नाही. सोनालीच्या दुःखाच्या बाजूनेच, तिच्या तोंडून निघू न शकलेलं म्हणून, अर्धवट उच्चारलं आणि तिथेच सोडलं.

सोनाली रडायला लागली. "मले हे सांगताच येत नव्हतं कोणाले," म्हणाली. "माह्या नवऱ्यालेही नाई."

"असंच ना?" सिस्टर.

"असंच."

"तरी मी चिठ्ठी देत नाई, बेटा."

बाहेर आल्यावर सोनालीला व्हरांड्यात बसवून मी एकटी पुन्हा आत गेले. माझा आवाज ओपीडीपर्यंत गेला असेल. "इतकं समजून पण नाई? मंग समजून घेता कशाले? आम्ही रडावं म्हणून?"

सिस्टरांचेही डोळे लाल होते. म्हणाल्या, "बाई, समजलं म्हणजे हो म्हणायचंच, असं असती तं कोणी कोणाले समजून घेतलीच नसती. भीती वाटली असती."

मी म्हटलं, "मी सोनालीले नागपूरले नेऊन राह्यली. गडचिरोलीच्या सरकारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. मले रजा पाहिजे."

"घ्या." मी दाराशी पोचल्यावर त्यांनी हाक मारली. "परी कुठी राहीन? सासूले तिचं औषध समजत नाई. इथी ठेवा, माझ्याजवळ."

"यात तुमचा हात लागत नाई का?"

"लागते का, थे मी फादरले कबुलीत विचारीन. लेकरू इथी ठेवा."

परी कॉन्व्हेंटमध्ये राहिली. आम्ही नागभीड-उमरेडवरून एसटीने नागपूरला गेलो. तपासणी झाली, परत आलो, निकालाची वाट पाहिली. निकाल पुऱ्या आजाराचा आला. सोनालीने तिचं ठरवलं होतं तेच केलं. नवरा बरोबर होता. मी दोन्ही वेळा तिच्याशेजारी होते आणि आम्ही चूक केली असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. हे मी स्वच्छ लिहिते.

परत आल्यावर आठवड्याने तिला ताप भरला. सासरच्यांनी तोंड फिरवलेलं. मी तिला ऑटोत घालून आमच्याच दवाखान्यात आणलं, दुसरीकडे न्यायला वेळ नव्हता. एक नर्स कुजबुजली, हिला इथे कसं? सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "इथी आजारी माणसं येते. दुसरं कोणी येत नाई." सलाईन त्यांनी स्वतः लावलं. ताप उतरेपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिल्या, माळ जपत. मी चहा नेला तो गार झाला. मला राहून राहून वाटत होतं, या बाई आता काही तरी बोलतील. एक वाक्य. मग मला त्यांच्यावर हक्काने चिडता आलं असतं.

त्यानंतरही आम्ही भांडत राहिलो, पण त्या विषयाकडे कोणी वळलं नाही. लग्नसराईत सिस्टर आणखी पिसाटल्यासारख्या फिरू लागल्या. उन्हातान्हात, स्कूटीवर मागे मला बसवून. एका मांडवातून तर आम्हाला हाताला धरून बाहेर काढलं. "याच्यापुढे कोणी सोनालीसारखी माझ्यासमोर बसू नये," असं त्या एकदाच म्हणाल्या, हेल्मेटमधून, मागे न बघता.

मग बदली आली. त्यांच्यात वरून आदेश येतो आणि जायचं असतं. त्यांना ईशान्येकडच्या डोंगरात पाठवलं, आधी महिनाभर घरी केरळला. मी खूप चिडले. "विचारा ना त्यायले, काऊन म्हणून." त्या हसल्या. "विचारली. सांगितली त्यायनं. पटली नाई. चाललो."

बल्लारपूरच्या स्टेशनवर दुपारची गाडी होती. मी, सोनाली आणि परी पोचवायला गेलो. त्यांचं सामान म्हणजे एक बॅग आणि परीने दिलेली चित्राची गुंडाळी. गाडी उशिरा होती, त्यामुळे बोलायचं ते बोलून संपलं आणि आम्ही नुसत्याच उभ्या राहिलो. परी माझा हात ओढत पाण्याच्या नळाकडे चालली होती. तेवढ्यात सोनाली सिस्टरांना म्हणाली,

"सिस्टर, मी पुन्हा तसंच करीन. तुम्हाले सांगून ठेवते."

"माहीत आहे."

"तुम्ही पुन्हा नाईच म्हणान."

"हो."

सोनालीने रुळांकडे पाहत विचारलं, "तुमच्यात मेलेल्यासाठी प्रार्थना करते ना? त्याच्यासाठी करता का?"

"रोज," सिस्टर म्हणाल्या.

"कोणतं नाव घेता?"

"नाव नाई घेत. थे ठेवायचा हक्क माझा नाई. तुझा आहे."

गाडीची घोषणा झाली. मी बॅग उचलली, परीला जवळ ओढलं, डबा कुठे लागतो ते बघायला लागले. कामं माझी सुरू झाली होती. वळून पाहिलं तर सोनाली सिस्टरांच्या खांद्याला धरून, टाचा उचलून, त्यांच्या कानात काही सांगत होती. एकच शब्द असावा, कारण लगेच ती बाजूला झाली. सिस्टरांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ एकदा हलले, पाठ करून घ्यावं तसे. मग त्या गाडीत चढल्या.

मला सगळं माहीत असायला लागतं. परतीच्या बसमध्ये मी न राहवून विचारलं, "कोणतं नाव सांगितलं व?"

परी तिच्या मांडीवर झोपली होती. सोनालीने तिच्या अंगावरची ओढणी नीट केली.

"थे सिस्टरजवळ ठेवलं, मावशी," ती म्हणाली. "तुमच्याजवळ मी आहो ना."